थांबलेली बोट

१९३४ साली अर्नेस्ट हेमिंग्वेने ब्रुकलिनच्या व्हीलर कारखान्याकडे ३८ फुटांची एक बोट मागवली. ती कारखान्याच्या नेहमीच्या ‘प्लेमेट’ मालिकेतली होती. सुट्टीत घरच्यांना घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडावं, रात्री एखाद्या खाडीत नांगर टाकून झोपावं, अशा बेताने आखलेली. केबिनमध्ये सहा जण झोपू शकत. हेमिंग्वेला मात्र गल्फ स्ट्रीममध्ये मार्लिन गरवायचे होते, म्हणून त्याने बदलांची यादी दिली. मागची भिंत बारा इंचांनी खाली घ्या आणि तिच्या काठावर लाकडी रूळ बसवा, म्हणजे जड मासा आत ओढता येईल. जिवंत आमिषासाठी टाक्या करा. इंधनाच्या टाक्या वाढवा. ७५ अश्वशक्तीच्या मुख्य इंजिनाच्या जोडीला ४० अश्वशक्तीचं दुसरं, स्वतंत्र दांड्याचं इंजिन द्या. बोटीचं नाव त्याने ‘पिलार’ ठेवलं. पत्नी पॉलिनला तो लाडाने त्याच नावाने हाक मारायचा. आज ती बोट हवानाजवळ त्याच्या फिंका विहिया या घराच्या आवारात जमिनीवर जपून ठेवलेली आहे.

या पुस्तकाचा विषय त्या बारा इंचांचा आहे. मागची भिंत फूटभर खाली आली की मासा सहज आत येतो, आणि पाठीमागून आलेली लाटही सहज आत येते. मूळ आराखड्यात भिंत उंच होती, कारण तिच्या आत लहान मूल उभं राहणार हे आखणाऱ्याने गृहीत धरलं होतं. वाढीव इंधनाचं वजन आणि दुसऱ्या इंजिनाची जागा कुठून तरी काढावीच लागते. बोटीत रिकामी जागा नसते. जी रिकामी दिसते ती माणसांच्या हातापायांसाठी राखलेली असते. हेमिंग्वेला हे सगळं परवडलं, कारण कुणाची बाजू घ्यायची ते त्याने आधीच ठरवलं होतं. खरी अडचण दोन्ही बाजू राखू पाहणाऱ्याची. या रविवारी पहाटे दोन मित्रांबरोबर गरवायला जायचं, आणि पुढच्या रविवारी त्याच बोटीतून आई, बायको आणि मुलांना बेटावर जेवायला न्यायचं, अशी ज्याची इच्छा असते तो बोटकारापुढे फार कठीण गणित ठेवतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, फ्रान्सच्या अटलांटिक काठावर, ऑस्ट्रेलियाच्या बंदरांत मधल्या आकाराच्या ज्या बोटी ओळीने बांधलेल्या दिसतात, त्यांतल्या पुष्कळ बोटी या इच्छेतून जन्मल्या आहेत.

जाहिरातीतली बोट नेहमी धावत असते. नाळ वर उचललेली, दोन्ही बाजूंना फेसाचे पंख, सुकाणूवरचा माणूस हसतोय. प्रत्यक्षात गरवणारा आपला बहुतेक दिवस इंजिन बंद करून वाहत्या बोटीत किंवा नांगरावर काढतो. मागे आमिष ओढत नेतानाही त्याचा वेग सायकलस्वाराइतकाच असतो. कुटुंबाचं तेच. बेटाजवळ पोचायला तासभर लागतो, आणि मग जेवण, पोहणं, डुलकी, गप्पा यांत अर्धा दिवस बोट नांगरावर असते. म्हणून दुहेरी कामाची बोट पारखायची असेल तर ती थांबलेली असताना पारखावी, असं माझं म्हणणं आहे आणि पुढची सगळी प्रकरणं त्याच पायावर उभी आहेत. गेल्या साठ-पासष्ट वर्षांत बोटींच्या आराखड्यांत जी मोठी प्रगती झाली ती मुख्यतः धावण्यातली. तिची किंमत थांबलेल्या बोटीने मोजली, आणि ती किंमत पुरती भरून काढण्याचे प्रयत्न आजही चालू आहेत.

ही गोष्ट एका माणसाच्या कामातून जितकी स्वच्छ दिसते तितकी कुठल्याच तक्त्यातून दिसत नाही. तो माणूस म्हणजे मॅसॅच्युसेट्सचा आराखडाकार सी. रेमंड हंट. १९५८ साली त्याच्या आणि डिक फिशरच्या सहकार्यातून ‘बोस्टन व्हेलर’ ही तेरा फुटी छोटी बोट आली. फायबरग्लासची दोन कवचं आणि मधे घट्ट भरलेला फेस, त्यामुळे ती बुडत नसे. १९६१ साली ‘लाइफ’ मासिकाने छायाचित्रं छापली: फिशर बोटीत बसलेला आहे, बोट करवतीने मधोमध कापली जाते आहे, आणि मग तो मागच्या अर्ध्या बोटीतून इंजिन चालवत निघून जातो. लोकांना ती छायाचित्रं आठवतात. मला मात्र त्या बोटीचा तळ जास्त महत्त्वाचा वाटतो. तो रुंद, जवळजवळ सपाट, दोन्ही कडांना पाण्यात उतरलेला आहे. बोट उभी असताना दोन धडधाकट माणसं एकाच काठाशी आली तरी ती थोडीशीच कलते. गरवायला आणि मुलांना पोहायला उतरवायला यापेक्षा चांगली जमीन पाण्यावर मिळत नाही. पण वारा उठून पाणी खवळलं की तोच तळ प्रत्येक लाटेवर आपटतो, आणि बसणाऱ्याचे मणके तो हिशेब ठेवतात.

त्याच काळात हंट नेमका उलटा तळही घडवत होता. १९५८ च्या उन्हाळ्यात न्यूपोर्टला अमेरिकाज कप या शिडाच्या बोटींच्या शर्यतीच्या चाचण्या चालू होत्या. हंटने आखलेल्या ‘ईस्टर्नर’ या शिडाच्या बोटीच्या दिमतीला त्याचीच एक २३ फुटी मोटारबोट होती. ती खडबडीत पाण्यातून ज्या सहजतेने पळत होती ते डिक बर्ट्रम या नौकाविक्रेत्याने पाहिलं आणि हंटकडून ३१ फुटी बोटीचा आराखडा मागितला. पत्नीच्या लाडक्या नावावरून त्याने तिचं नाव ‘मॉपी’ ठेवलं. एप्रिल १९६० मध्ये मायामी ते नासाऊ या शर्यतीच्या दिवशी समुद्र चांगलाच पेटलेला होता. मॉपीने शर्यत सुमारे आठ तासांत जिंकली. दुसरी आलेली बोटही हंटच्याच तळाची, २३ फुटी होती. बाकीच्या बोटी पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. त्यानंतर मॉपीवरूनच साचा काढून फायबरग्लासमध्ये ‘बर्ट्रम ३१’ तयार झाली, आणि १९६१ पासून वीसेक वर्षं ती बनत राहिली.

तिच्या तळाचं मर्म एका कोनात आहे. बोट मागून पाहिली तर मधल्या कण्यापासून दोन्ही कडांकडे तळ वर चढत जातो. हा चढ क्षितिजाशी जो कोन करतो तो जितका मोठा, तितका तळ लाटेत सुरीसारखा शिरतो. जुन्या वेगवान बोटींत नाळेपाशी हा कोन भरपूर असे, पण मागे येईतो तळ सपाट होऊन जाई. हंटने तो पाठीपर्यंत कायम ठेवला. बर्ट्रम ३१ मध्ये मागच्या भिंतीपाशीही तो २४ अंश आहे. तळावर लांबीच्या दिशेने पट्ट्या दिल्या, त्या बोटीला उचलतात आणि तुषार बाहेर फेकतात. धावताना मिळणारं सुख अद्भुत होतं, आणि त्याची किंमतही ठरलेली होती. एवढ्या खोल तळाला पाण्यावर उचलायला इंजिन मोठं लागतं. आणि इंजिन बंद केलं की तळाच्या कडा पाण्याबाहेर राहतात, बोट मधल्या धारेवर तोललेली असते, आणि ती डोलू लागते. बर्ट्रम ३१ ची कीर्ती दोन्ही प्रकारची आहे: धावताना मऊ, थांबल्यावर अस्वस्थ.

एकाच माणसाने एकाच काळात दोन्ही टोकं गाठली, यावरून मी असा निष्कर्ष काढतो की तिसरा, सर्वगुणसंपन्न तळ कुठे लपून बसलेला नाही. तो असता तर हंटच्या हाती लागला असता.

बर्ट्रम ३१ ला या पुस्तकात वरचेवर जागा मिळाली आहे, कारण तोच एक तळ वेगवेगळ्या वरच्या मांडणीसह विकला गेला. एकीत मागे मोठा मोकळा कॉकपिट, वर फ्लायब्रिज, म्हणजे छतावरची सुकाणूची जागा. तर दुसरीत निवारा जास्त आणि झोपायची सोय चांगली. तिच्या दोन इंजिनांच्या पेट्या कॉकपिटमध्येच होत्या आणि लोक त्यांच्यावर बसत. गरवणाऱ्याला त्या अडथळा, कारण जोर लावणाऱ्या माशाबरोबर त्याला काठाकाठाने फिरायचं असतं. घरच्यांना मात्र त्याच पेट्या बसायला, ताटं मांडायला आयत्या मिळाल्या. एकच वस्तू एका दिवशी नडते आणि दुसऱ्या दिवशी उपयोगी पडते, असे प्रसंग दुहेरी बोटींत पावलोपावली येतात.

डोलण्याबद्दल इथेच थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण गैरसमज सर्वांत जास्त त्याच्याभोवती आहेत. इंजिन बंद केलं की बहुतेक मोटारबोटी हळूहळू लाटांना आडव्या होतात. मग प्रत्येक लाट बोटीला एका बाजूने उचलते. रुंद, सपाट तळाची बोट लाटेच्या उतारालाच चिकटून राहते. ती फार कलत नाही, पण झटक्याने परत येते. खोल तळाची बोट जास्त कलते, पण तिचं येणं-जाणं संथ असतं. वजन वर नेलं, म्हणजे फ्लायब्रिज बांधला, त्यावर टूना शोधायचा उंच मनोरा उभारला, की डोलणं आणखी संथ आणि आणखी मोठं होतं, शिवाय सरळ होण्याची ताकद घटते. संथ म्हणजे सुरक्षित, असं प्रवाशाला वाटतं. ते खरं नाही. झटक्याने सरळ होणारी बोट त्रासदायक असेल, पण तिच्यात उलटण्याला विरोध करणारं बळ शिल्लक असतं.

आणि बोट लागते ती कशाने? या विषयावरच्या प्रयोगांतून निघालेली गोष्ट अशी की माणसाला सर्वांत जास्त मळमळ पाच-सहा सेकंदांत एकदा वर-खाली होणाऱ्या हालचालीने होते. त्याहून जलद धक्के थकवतात, पण पोट तितकं ढवळत नाहीत. ही हालचाल बोटीच्या मध्यापासून जितकं दूर जावं तितकी वाढते, आणि सर्वांत जास्त असते नाळेत. पण छोट्या बोटीत झोपायची जागा कुठे करतात? नाळेतच, कारण तिथला त्रिकोणी कोपरा दुसऱ्या कशालाच उपयोगी नसतो. आजीला बरं वाटत नाही म्हणून तिला आत आडवं व्हायला सांगतात, आणि जिथे क्षितिज दिसत नाही आणि हालचाल सर्वांत जास्त आहे, नेमकं तिथेच तिला पाठवतात. तिची जागा बोटीच्या मध्याजवळ, बाहेर, वाऱ्यावर असायला हवी. एखाद्या बोटीत अशी एक सावलीची बैठक मध्याजवळ आहे की नाही, यावरून मी ती आखणाऱ्याने कुटुंबाचा कितपत विचार केला ते ठरवतो.

या डोलण्यावर उपाय पुष्कळ निघाले. हंटच्याच कार्यालयाने पुढे ग्रेडी-व्हाइट कंपनीसाठी असा तळ आखला, ज्याचा कोन नाळेपासून पाठीपर्यंत सतत बदलत जातो आणि मागे साधारण २० अंशांवर येतो. म्हणजे कापायची धार पुढे, उभं राहायचा पाया मागे. ही तडजोड आहे आणि माझ्या मते या वर्गातली सर्वांत शहाणी तडजोड आहे. ऑस्ट्रेलियातल्या काही ॲल्युमिनियमच्या बोटींनी वेगळी युक्ती केली: कण्यात एक पोकळी ठेवली, मागून उघडी. बोट थांबली की तीत समुद्राचं पाणी आपोआप शिरतं, बोट खाली बसते आणि तळाच्या कडा पाण्याला टेकतात. वेग घेतला की पाणी मागच्या मागे निघून जातं. यात पंप नाही, झडप नाही. धावणारी बोट आणि थांबलेली बोट अशा दोन बोटी एकाच कवचात बसवण्याचा याहून साधा मार्ग माझ्या पाहण्यात नाही. अलीकडे वेगाने फिरणाऱ्या जड चाकाचे गायरोही छोट्या बोटींत बसू लागलेत. ते काम चोख करतात. पण छोटा गायरोदेखील दीडशे किलोंच्या आसपास जातो, वीज खातो आणि पुरत्या वेगाला यायला वेळ घेतो. तेवढ्या वजनात दोन माणसं आणि त्यांचं जेवण आलं असतं.

आपल्या दक्षिण कोकणातल्या उलांडीच्या होडीने हाच प्रश्न फार पूर्वी सोडवलेला आहे. होडी अरुंद, म्हणून वल्ह्यालाही हलकी. आणि बाजूला दोन आडव्या दांड्यांनी दूर धरलेला ओंडका, जो तिला कलू देत नाही. रुंदी न वाढवता रुंदीचा फायदा मिळतो. किंमत म्हणून एक बाजू कायमची अडते आणि धक्क्याला लागताना जागा जास्त लागते. ती होडी वापरणाऱ्यांनी ही किंमत समजून स्वीकारली.

तळानंतर सर्वांत मोठा झगडा काठाच्या उंचीचा, आणि तो निव्वळ बेरजेचा आहे. कॉकपिटची जमीन पाण्याच्या पातळीपेक्षा वर असावी लागते, तरच आत आलेलं पाणी बाजूच्या भोकांतून आपोआप बाहेर जातं. या जमिनीपासून काठापर्यंतची उंची म्हणजे माणसाला आत ठेवणारी भिंत. दोन्हींची बेरीज म्हणजे पाण्यापासून काठाची उंची. समजा जमीन पाण्यापासून २० सेंटिमीटर वर आहे आणि आतली भिंत ७० सेंटिमीटरची. तर काठ पाण्यापासून ९० सेंटिमीटर वर गेला. मूल सुरक्षित आहे, मोठ्या माणसाच्या मांडीला काठाचा टेका मिळतोय, पण मासा बोटीशेजारी आला की गरवणाऱ्याला कमरेतून वाकून, जवळजवळ लोंबकळून, आकडा मारावा लागतो. काठ खाली हवा असेल तर दोनच जागा आहेत जिथून सेंटिमीटर कापता येतील. आतली भिंत कापली तर मूल धोक्यात येतं. जमीन खाली घेतली तर चार माणसं मागे जमली की बोटीची पाठ दबते आणि ज्या भोकांतून पाणी बाहेर जायचं त्यांतूनच ते आत येतं. शनिवारी बंदरात मागच्या बाजूला घोट्याएवढ्या पाण्यात उभी माणसं दिसली तर बोट गळकी आहे असं समजू नये. तिच्या आखणाऱ्याने हे सेंटिमीटर जमिनीतून कापलेत.

यावर चांगले बोटकार दोन गोष्टी करतात. काठाखाली पायाची बोटं शिरतील एवढा खोबणीसारखा आत घेतलेला भाग ठेवतात, म्हणजे वाकताना पाय अडकवून तोल धरता येतो. आणि मागच्या भिंतीत आत उघडणारं दार देतात, म्हणजे भिंत उंच ठेवूनही मोठा मासा दारातून आत घेता येतो. रविवारी त्याच दारातून मुलं शिडीवर उतरून पोहतात. दोन्ही पक्षांना एकदमच लाभ देणाऱ्या फार थोड्या वस्तू या विषयात आहेत, आणि हे दार त्यांतलं पहिलं. त्याची कडी मात्र मजबूत हवी, आणि बोट चालू असताना ते बंदच हवं.

जिवंत आमिषाच्या टाकीबद्दल इथे एकच सांगतो. दीडशे लिटरची टाकी म्हणजे दीडशे किलोंहून जास्त वजन, तेही सहसा अगदी मागे आणि जमिनीच्या वर. टाकी काठोकाठ भरली तर ते नुसतं वजन असतं. अर्धी भरली तर आतलं पाणी नेमकं त्याच बाजूला धावतं जिकडे बोट कललेली आहे. टाकी एकतर पूर्ण भरावी, नाहीतर पूर्ण रिकामी करावी.

इंजिन आत बसवायचं की पाठीवर टांगायचं, याचा निकाल गेल्या काही दशकांत छोट्या बोटींपुरता बाहेरच्या इंजिनाच्या बाजूने लागला आहे. आतलं इंजिन बोटीच्या मध्याजवळ, खाली बसतं. वजनासाठी ती आदर्श जागा. पण ते केबिनची किंवा कॉकपिटची जागा खातं. बाहेरचं आतली सगळी जागा मोकळी करतं, पण ३०० अश्वशक्तीचं एक इंजिन अडीचशे किलोंच्या आसपास असतं आणि ते बोटीच्या टोकावर लटकतं. शिवाय गरवणाऱ्याची दोरी नेमकी तिथेच गुंतते आणि मुलं नेमकी तिथूनच पाण्यात उतरू पाहतात.

इंजिनाचा विषय निघाला आहे तर एक धोका सांगून ठेवणं मी माझं कर्तव्य समजतो. पुढे उंच केबिन असलेली बोट चालते तेव्हा तिच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि मागचा धूर उलटा बोटीत ओढला जातो. गरवणाऱ्यांची बोट चहूबाजूंनी उघडी असते, त्यामुळे तो टिकत नाही. तीच बोट कुटुंबासाठी घेतली की ऊन-पावसापासून आडोसा म्हणून वर छत आणि बाजूला कॅनव्हासचे पडदे येतात. मागची बाजू तेवढी उघडी राहते. आता आत येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला बाहेर जायला वाट नाही. त्याला रंग नाही, वास नाही, आणि डोकं दुखणं, मळमळणं ही त्याची लक्षणं बोट लागल्यासारखीच असतात. पुढचा एक तरी पडदा उघडा ठेवावा, आणि केबिनमध्ये त्या वायूची सूचना देणारं यंत्र असावंच. पेट्रोलच्या इंजिनाबाबत तर याला पर्यायच नाही.

मांडणीच्या बाबतीत फ्रान्सचा इतिहास मला विशेष जवळचा वाटतो. १८८४ साली बेंजामिन बेनेतो याने वांदे प्रांतातल्या क्रुआ-द-वी या बंदरात कोळ्यांसाठी शिडाची गलबतं बांधायला सुरुवात केली. ऐंशी वर्षांनी त्या धंद्याला उतरती कळा लागली तेव्हा त्याची बावीस वर्षांची नात आनेत आणि तिचा भाऊ आंद्रे यांनी कारखाना हाती घेतला, आणि १९६५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात फायबरग्लासच्या छोट्या बोटी मांडल्या: गरवायला आणि फिरायला, दोन्हींसाठी. फ्रान्समध्ये या बोटींचा स्वतंत्र वर्गच झाला, ‘पेश-प्रोमनाद’ म्हणजे मासेमारी आणि सैर. कोळ्यांच्या गरजा पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेल्या कारखान्यातून हा वर्ग वाढला, हे त्या बोटींत जाणवतं. केबिन छोटी, उभी आणि काचेची, कारण बिस्केच्या उपसागरावर थंडी आणि पाऊस आहे. त्या वर्गातल्या अलीकडच्या अनेक बोटींत, ‘मेरी फिशर’ आणि ‘अंतारेस’ या मालिकांतही, केबिन मधोमध न ठेवता एका बाजूला सरकवलेली दिसते. एका बाजूची वाट अरुंद होते, पण दुसऱ्या बाजूने माणूस हात न टेकता नाळेपर्यंत चालत जाऊ शकतो. सुकाणू त्याच रुंद बाजूला, शेजारी सरकतं दार. एकटा माणूस दारातून बाहेर येऊन धक्क्याला दोर टाकू शकतो. दोन्ही बाजूंना निम्मीशिम्मी वाट ठेवून कुठेच धड चालता येत नाही अशा बोटी मी पाहिल्या आहेत. इथे कुणीतरी एक बाजू गमावण्याचा निर्णय धैर्याने घेतला.

अमेरिकेने उन्हाचा देश म्हणून वेगळी वाट धरली. तिथे सेंटर कन्सोल लोकप्रिय झाली: मधे सुकाणूचा खांब, चारी बाजूंनी मोकळं फिरता येतं, सावली जवळजवळ नाही. गरवणाऱ्यासाठी याहून चांगलं काही नाही. मग कुटुंबाने जागा मागितली आणि दोन कन्सोल, मधे वाट, समोर रुंद काच अशी मांडणी आली. नाळेत केबिन आणि तिच्या दोन्ही बाजूंनी खोलगट वाट अशीही आली. मोठ्या सेंटर कन्सोलमध्ये तर त्या खांबाच्या पोटातच शौचालय बसवलं गेलं. हा शेवटचा बदल कुणी फारसा गौरवत नाही, पण कुटुंब समुद्रावर दोन तास राहणार की सहा, हे त्यावर ठरतं.

मेन राज्यातल्या लॉबस्टर बोटींचा उल्लेख टाळता येत नाही. लांब कणा, पुढे उंच नाळ, मागे पाण्याजवळ आलेला काठ; सुकाणू उजवीकडे, कारण त्याच बाजूने पिंजरे वर ओढायचे. तो लांब कणा थांबलेल्या बोटीचं डोलणं आवरतो आणि वाऱ्यात तिची नाळ भरकटू देत नाही. १९९४ साली हिंकली कंपनीने या घाटावर ‘पिकनिक बोट’ काढली. ३६ फुटी, देखणी, पाण्याच्या झोतावर चालणारी. तिच्यात काम उरलं नाही, फक्त घाट उरला. बोट सुंदर आहे. पण या पुस्तकात तिला मी अर्धं पानच दिलं आहे, कारण जिथे तडजोड नाही तिथे शिकण्यासारखं कमी असतं.

युरोपने १९९४ च्या नियमांनी या साऱ्याला एक अंकांची चौकट दिली, ती खरेदी करणाऱ्याने समजून घ्यावी. ‘बी’ वर्गाची बोट ब्यूफोर्ट मापाच्या आठपर्यंतच्या वाऱ्याला आणि चार मीटरपर्यंतच्या लाटांना. ‘सी’ वर्गाची सहापर्यंत आणि दोन मीटरपर्यंत. ‘डी’ वर्गाची चारपर्यंत आणि तीस सेंटिमीटरपर्यंत. एकाच बोटीवरच्या पाटीवर ‘बी’ साठी माणसांचा आकडा लहान आणि ‘सी’ साठी मोठा असतो. बोट बदललेली नाही, माणसं वाढली, आणि तेवढ्याने तिचा समुद्र लहान झाला. विक्रेता मोठा आकडा सांगतो. ज्या पाण्यात जायचं आहे त्या पाण्याचा आकडा आपण वाचायचा.

हे सगळं मराठीत का लिहायचं, असं मला विचारलं गेलं. मालवण, तारकर्ली, दापोलीजवळचं मुरूड, अशा अनेक ठिकाणी गेल्या काही वर्षांत मासेमारीच्या होड्या पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेतात. १ जून ते ३१ जुलै बंदी, मग मासेमारी, आणि दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत पर्यटक. म्हणजे दुहेरी कामाची बोट आपल्याकडे आलेलीच आहे. तिच्यासाठी कुणी आराखडा तेवढा केला नाही. आता डॉल्फिन दिसतो तो क्षण घ्या. तांडेल इंजिन मंद करतो किंवा बंद करतो, डॉल्फिन नीट पाहता यावा म्हणून. बोट थांबते, आडवी होते. त्याच क्षणी दहा-बारा माणसं एकदम उभी राहतात आणि एकाच काठाकडे धावतात, मुलांना उचलून धरतात. सहा-सातशे किलो वजन एकाच वेळी वर आणि बाजूला गेलं. जाळं ओढतानाही वजन एका बाजूला येतं, पण ते खलाशी वाकलेले असतात, एकमेकांकडे पाहून हालचाल करतात आणि तांडेलाचं ऐकतात. पर्यटक पाण्याकडे पाहतो. त्या होडीला बसायच्या जागा अशा हव्यात की उभं न राहताही दोन्ही बाजू दिसाव्यात, मधोमध धरायला आडवा दांडा हवा, आणि निघण्याआधी तांडेलाने दोनच वाक्यं सांगायला हवीत: बसून बघा, आणि सगळे एका बाजूला येऊ नका. जीवरक्षक जॅकेट बाकाखाली ठेवून त्याचा उपयोग नाही. ते अंगात असावं, मुलांना त्यांच्या मापाचं असावं. यासाठी नवी बोट लागत नाही. सुताराचं दोन दिवसांचं काम आहे.

पहिली तीन प्रकरणं तळ, तोल आणि काठ यांची आहेत आणि ती क्रमाने वाचावीत, कारण पुढची आकडेमोड त्यांवर आहे. चौथ्यापासून पुढची हवी तशी वाचता येतील. ज्यांची बोट आधीच आहे, ते सातव्यापासून सुरुवात करू शकतात. तिथे आहे त्या बोटीत काय सुधारता येईल ते दिलं आहे. नवी घेणाऱ्यांना मात्र एक विनंती आहे: पाण्यावरच्या चाचणीत विक्रेत्याला इंजिन बंद करायला सांगा, बोट आडवी होऊ द्या, घरातल्या सगळ्यांना एका काठाशी नेऊन उभं करा, मग दुसऱ्या, आणि वीस मिनिटं तसंच थांबा. चाचणीला घरातली सर्वांत लहान आणि सर्वांत म्हातारी व्यक्ती बरोबर न्या, आणि त्यांच्यापैकी कुणी परत चला म्हणालं तर बोटीचा रंग कितीही आवडलेला असला तरी पुढची बोट बघा.